मेटल मागे पडतंय, माणसांचं काय?

काळं_जॅकेट:
शाळेच्या शेवटच्या वर्षी मेटलचं, म्हणजे जड गिटार आणि दणदणीत ड्रमच्या रॉक संगीताचं, वेड लागलं आणि पुढे बरीच वर्षं दुसरं काही कानाला रुचलंच नाही. मैत्रिणी, मित्र, कपडे, सगळं त्यातूनच आलं. माझ्या बिनबाह्यांच्या डेनिम जॅकेटवरचे पॅच, म्हणजे बँडच्या नावांचे कापडी तुकडे, दात साफ करायच्या मेणदार दोऱ्याने शिवलेले आहेत, कारण साधा दोरा कॉन्सर्टच्या धक्काबुक्कीत तुटायचा. पाठीवरचा मोठा पॅच कुठल्या बँडचा असावा यावर आम्ही रात्र जागवली होती. पॅच वाकडा शिवला गेला, तो अजून तसाच आहे आणि मला तसाच हवा आहे.

हल्ली मात्र मी बहुतेक वेळ जॅझ ऐकते. मेटल नावडतं झालेलं नाही, पण हात आपसूक दुसरीकडे जातो. त्याचं दुःख नाही. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. ग्रुपवर नव्या अल्बमबद्दल बोलणं रंगतं आणि मला सांगण्यासारखं काही नसतं. माझ्या वाईट काळात हीच माणसं माझ्यासोबत होती. तुमच्यापैकी कोणाची आवड अशी सरकली आहे का? आणि माणसं टिकली का?

तीन_अर्धस्वर:
जॅझ ऐकून तुम्ही मेटलपासून फार लांब गेलेल्या नाही आहात, हे आधी सांगतो. ब्लॅक सॅबथ या सुरुवातीच्या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो उजव्या हाताने. १९६५ मध्ये कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गिटार सुटली असं समजून तो खचला होता, तेव्हा कारखान्यातल्याच वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगो जॅझ गिटारवादक. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली, तरी तो उरलेल्या बोटांवर सोलो वाजवायचा. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या अल्बमवर त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या आणि तो जड, खर्जातला आवाज मिळाला, ज्यावर आपण सगळे वाढलो.

सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड याच्यावरही जीन क्रुपासारख्या जॅझ ड्रमरचा प्रभाव होता. सॅबथचा पहिला अल्बम पुन्हा लावा आणि गिटार सोडून फक्त ड्रम ऐका. त्यात स्विंग आहे, जॅझमधली ती झुलती लय. हे सगळं तुमच्या ग्रुपला सांगा, बोलायला विषय मिळेल.

धुकं:
आपणच बदलतो असं कुठे आहे? बँडही बदलतात. उल्वर या बँडचा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला, तो ब्लॅक मेटलचा, म्हणजे मेटलच्या एका कर्कश, काळोख्या प्रकारचा, आणि २००० पर्यंत ते पुरते इलेक्ट्रॉनिक संगीतात गेले होते. ओपेथ या मेटल बँडने २०११ च्या अल्बमवर घशातला तो गुरगुराट सोडून दिला, तेव्हा आमच्या ग्रुपचे सरळ दोन तट पडले. मी गाणाऱ्या आवाजाच्या बाजूने होतो. चिडाचिडी झाली, पण भांडायला का होईना, आम्ही रोज बोलत होतो. माझ्या पाहण्यात मैत्री तुटली ती गप्प बसल्यामुळे.

हळू_आवाज:
साधारण वयाच्या दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला पुढे जास्त ठळक आठवतात. त्या वयात ऐकलेली गाणीही त्यात येतात. ती कुठे जात नाहीत, काळजी नको.

एक काळजीपोटी सांगते. कानांसाठी आठ तासांना ८५ डेसिबल आवाज ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. पुन्हा कॉन्सर्टला गेलात तर इअरप्लग लावा. कान शाबूत असतील तरच जॅझमधली झांज ऐकू येईल.

काळं_जॅकेट:
सगळ्यांचे आभार. @तीन_अर्धस्वर, तुम्ही म्हणालात तसे फक्त ड्रम ऐकले. खरंच, वॉर्ड ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, आणि गाणं त्यामुळेच झुलतं.

मग मेटॅलिका या मेटल बँडचा १९८८ चा अल्बम काढला. त्यात बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, जवळजवळ ऐकूच येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तो कोरडेपणा मला फार आवडायचा, गिटार कशी धारदार वाटायची! आता त्याच गाण्यांत मला खाली एक रिकामी जागा जाणवते आणि कान तिथेच शोधत राहतात. ही सवय मला जॅझमधल्या डबल बेसने, त्या उभ्या, मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याने लावली. पण अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायचा, कोणी काय वाजवलंय ते कव्हरवर वाचायचं, हे मात्र मला त्या ग्रुपनेच शिकवलं. जॅझही मी तसंच ऐकते.

@धुकं, तुमचं गप्प बसण्याबद्दलचं वाक्य लागलं. काल ग्रुपवर बेसबद्दल लिहिलं. आमच्यातला जो बेस वाजवायचा, त्याचं उत्तर मिनिटभरात आलं, तेही लांबलचक, चिडलेलं. त्याच्या मते बेस नाही तेच बरोबर आहे. आता रविवारी दोघं मिळून अख्खा अल्बम ऐकणार आहोत.