उपकेंद्राचा ‘फंड’ म्हणजे नेमका कुठला?

सुनीतावहिनी: काल आत्यांना घेऊन गावच्या उपकेंद्रात गेले होते. बीपीच्या मशीनचा पट्टा फाटलाय, हवाच धरत नाही. सिस्टर म्हणाल्या अनटाइड फंड, म्हणजे एकाच कामाला न बांधलेले पैसे, आला नाही. पंचायतीत विचारलं तर म्हणतात, आलाय की! खरं कुणाचं मानायचं?

आप्पाकाका: मधल्यामधे कुणीतरी खाल्ले. दुसरं काय.

मंगलअक्का: काका, लगेच तसं नको म्हणायला. दोघंही खरं बोलत असतील. दोन्ही ऑफिसांत ‘अनटाइड’ म्हणतात, पण पैसे वेगळे. पंचायतीकडं येतं ते वित्त आयोगाचं अनुदान. पंधराव्या आयोगात (2021 ते 26) त्यातले 60 टक्के पाणी-स्वच्छतेलाच बांधलेले, उरलेले 40 टक्के अनटाइड. सिस्टर म्हणतात तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. त्यात केंद्राचे 60 आणि आपल्या कर्नाटक सरकारचे 40 टक्के. किरकोळ दुरुस्ती, ब्लीचिंग पावडर, ड्रेसिंगचं सामान, असल्या गोष्टी त्यातून घ्यायच्या. पगार नाही त्यातून.

प्रवीण: आणि ग्राम आरोग्य समितीचे?

मंगलअक्का: ते आणखी वेगळे. महसुली गावामागं वर्षाला 10,000 पर्यंत. आशाताई त्या समितीच्या सचिव. मागचे खर्चले नाहीत, हिशेब दिला नाही, तर पुढचे पूर्ण येत नाहीत. मला याचंच वाईट वाटतं. बाळंतिणीला गाडी करून द्यायला पैसे नाहीत म्हणायचं आणि खात्यात पडून ठेवायचे!

आप्पाकाका: महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले योजना दिली म्हणे. त्यातनं एक पट्टा येईना?

मंगलअक्का: नाही काका. ती दवाखान्यातल्या उपचाराची योजना. पेशंट अॅडमिट झाला की त्याचं बिल त्यातून भागतं. आपल्याकडची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक तशीच, बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. उपकेंद्राचं कपाट त्यातनं भरत नाही.

सुनीतावहिनी: मग विचारायचं काय, ते सांगा अक्का. सोमवारी जातेच.

मंगलअक्का: नुसतं ‘फंड आला का’ विचारू नको. आरोग्य अभियानाचा अनटाइड फंड यंदा किती आला, शिल्लक किती, मागच्या वर्षीचं विनियोग प्रमाणपत्र (यूसी), म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला, गेलं का, हे विचार. समितीचं ठरावाचं पुस्तक बघायला माग. कन्नडात असेल, फोटो इथं ग्रुपवर टाक, मी वाचून सांगते. आणि पट्ट्याचा अर्ज लेखी दे, पोच घे.

प्रवीण: वहिनी, मी पण येतो.