वामनदादा कर्डक : कवी म्हणायचं की गायक?

वस्तीवरचा : परवा एका ओपन माइकला गेलो होतो. निवेदक म्हणाला, "स्पोकन वर्ड, म्हणजे मंचावर बोलून सादर केलेली कविता, मराठीत आत्ता कुठे रुजतंय." मग सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या आंबेडकरी लोकशाहीर वामनदादांनी साठ वर्षं काय केलं? १९४३ साली पहिलं गाणं रचलं, २००४ साली गेले. मधला सगळा काळ मांडवात, चौकात, माइकसमोर. माझ्या मते मराठीतला सर्वांत मोठा बोलता कवी हाच.

कागदीवाघ : गल्लत होतेय. स्पोकन वर्डला चाल नसते. दादांचं पहिलं गाणंच हिंदी गाण्याचं विडंबन होतं. पेटी-ढोलकी काढून नुसतं वाचा, बरीच गाणी प्रचारपत्रकासारखी लागतात. बहिणाबाईंनाही लिहितावाचता येत नव्हतं, पण १९५२ साली पुस्तक आलं आणि बाई कागदावर ठणठणीत उभ्या राहिल्या.

वस्तीवरचा : मुलानं, सोपानदेवांनी टिपून ठेवलं, अत्रे पाठीशी उभे राहिले, म्हणून! दादांनी तर अक्षरओळखच मोठेपणी मुंबईत करून घेतली. संग्रह निघाले, पण ते वाचले कोणी? तुम्ही वाचलेत?

कागदीवाघ : एक. अर्धा.

कोरसमधला : मी १४ एप्रिलला गायन पार्टीत कोरस धरायचो, म्हणून बोलतो. टाटा-बिर्लांना 'आमचा वाटा कुठाय' विचारणारं गाणं घ्या. बाटा, टाटा, साठा, वाटा. पत्रकात हे बाळबोध वाटेल. पण समोरच्या माणसाकडे वही नाही, एकदाच ऐकून घरी न्यायचंय. तिथे यमक ही गाठोड्याची गाठ असते. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं की बाया आमच्या आधी म्हणायच्या.

दादा शेवटच्या कडव्यात 'वामन' गुंफायचे, तीच त्यांची सही. आमचा गायक मात्र वेळ कमी पडला की नेमकं तेच कडवं गाळायचा. गाणं गावभर, कवी गायब. मीही गप्पच असायचो.

कागदीवाघ : सहीचा मुद्दा मान्य, 'तुका म्हणे'ची परंपराच आहे ती. दर्जाचा प्रश्न तरी उरतोच. असं करा, एखादं पाठ असलेलं गाणं शेवटच्या कडव्यासकट मला टंकून पाठवा. चाल न लावता वाचतो.

कोरसमधला : घेतलंय टंकायला. पण चाल लावल्याशिवाय पुढची ओळच आठवत नाहीये. थांबा जरा.

कागदीवाघ : बघा! मी काय म्हणत होतो?

वस्तीवरचा : तुम्ही नाही हो, मी म्हणत होतो.