३२ मिलिमीटरच्या मिनिएचरसाठी देखाव्याची बैठक: कडा कशाचा करावा?

कंदीपेढा (सातारा): पटावरच्या युद्धखेळातील एक धनुर्धारी मिनिएचर (छोटी मूर्ती) रंगवून झाली असून, ती खेळात न उतरवता काचेच्या कपाटात ठेवणार आहे. ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल बैठकीवर सज्जनगडाच्या बाजूला दिसतो तसा कड्याचा तुकडा आणि त्यावर थोडे वाळलेले गवत करायचे आहे. कड्यासाठी थर्माकोल घ्यावा, कॉर्क घ्यावा की आणखी काही? खर्च ५०० रुपयांच्या आत बसला पाहिजे.

माहुलीकर: थर्माकोलचे नाव काढू नका. "काही होत नाही" या दुकानदाराच्या शब्दावर मी कोरलेल्या बुरुजावर स्प्रेचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-थर) मारला आणि त्यातील द्रावकाने बुरूज डोळ्यांदेखत विरघळला. झटपट चिकटणारा सुपरग्लूही त्याला खातो. मी आता पुण्याहून दाट एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखाच, पण दाणे नसलेला पॉलिस्टायरिन फोम) मागवतो; कटरने त्याचे काप स्वच्छ निघतात, मात्र स्प्रेपूर्वी त्यालाही ब्रशने फेविकॉल आणि काळ्या ॲक्रिलिकचा लेप द्यावाच लागतो.

शिल्पछंद (सांगली): कड्याला धबधबा नसेल तर मजा काय? माझ्या बैठकीवर इपॉक्सी रेझिनचा डोह आहे, रेझिन पातळ थरांत ओतले आहे आणि पाहुणे आधी त्यालाच हात लावून पाहतात. अडीच हजार रुपये गेले, पण एकदाच काय ते जातात.

कंदीपेढा: साहेब, धबधबा नको आहे आणि अडीच हजारही नाहीत.

मिरजमळा: कड्याआधी खालच्या लाकडाचा विचार करा. मिरजेत सतारमेकरांकडे तून लाकडाचे लहान तुकडे उरतात. ओळख काढून एक मागून घ्यावा, घासून पॉलिश करावा आणि वरचा देखावा त्यावर बसवावा. माझ्याकडचा तुकडा फुकट मिळालेला आहे.

घाटवाट: कशाचा कडा करावा यापेक्षा तो कसा दिसावा, हे कोणीच सांगत नाही. आपल्याकडचा कातळ बेसाल्टचा आहे आणि लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत, त्यामुळे झाडाची साल उभी चिकटवली की कडा परदेशी वाटू लागतो. गडद राखाडी रंगावर तपकिरी पातळ रंग सोडावा आणि तो वाळल्यावर फक्त उंचवट्यांच्या कडांवरून फिक्या राखाडीचा कोरडा ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून काढलेला ब्रश, फिरवावा. लालसर छटा हवी असेल तर तो कासच्या सड्यावरचा जांभा झाला, त्याची येथे सरमिसळ करू नये.

माहुलीकर: कातळ काळाच असतो. पावसाळ्यात ठोसेघरच्या वाटेवर पाहा.

घाटवाट: त्यांनी गवत वाळलेले मागितले आहे. पावसाळ्यात वाळलेले गवत तुम्हाला कोठे दिसले?

हाळीवपेरणी: थर्माकोल विरघळतो, हे मीही सांगतो. आमच्या आळीत दिवाळीच्या किल्ल्यांचे पहिले बक्षीस बहुधा माझ्याच घरी येते. माती म्हणून वापरलेली चहापूड घ्यावी, मात्र ती उन्हात कडकडीत वाळवावी, नाहीतर बुरशी धरते. गवतासाठी सुंभाचे धागे कापून पातळ फेविकॉलमध्ये रोवावेत. या मापात गुडघाभर गवत म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर. त्याहून बरेच उंच केले तर धनुर्धारी उसाच्या फडात उभा आहे असे वाटेल.

शिल्पछंद: सुंभ जाड दिसतो. तयार गवताचे झुपके मिळतात, तेच घ्यावेत. माझ्याकडे चार रंगांचे आहेत.

कंदीपेढा: सर्वांचे आभार. गवताचे माप, चहापूड आणि आडवे थर घेतो. कड्यासाठी मात्र प्लास्टर ऑफ पॅरिस वापरणार आहे, कारण भिंतीच्या दुरुस्तीतून उरलेले अर्धे पोते घरातच आहे. चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या साच्यात ते ओतले की पृष्ठभाग कातळासारखा खडबडीत येतो, आणि अर्धवट घट्ट असताना त्यावर चाकूने आडव्या खाचा पाडता येतात.

माहुलीकर: कोपरे उडतील. फोम घ्या असे सांगून थकलो.

घाटवाट: कपाटात ठेवायचे आहे, रोज हाताळायचे नाही, चालेल. प्लास्टर पूर्ण वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्यावा, अन्यथा ते रंग शोषून घेते. शिवाय धनुर्धारी नुसता चिकटवू नका. त्याच्या टाचेत १ मिलिमीटरचे छिद्र पाडून पेपर क्लिपच्या तारेचा तुकडा बसवा आणि तारेचे दुसरे टोक प्लास्टर ओले असतानाच त्यात जाईल अशी जागा आधी ठरवून ठेवा, कारण घट्ट झालेल्या कड्याला टोकाशी भोक पाडायला गेलात तर माहुलीकरांचे म्हणणे खरे ठरेल.