राज्याचा वाटा विसरू नका
वरती कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेत अपंगांच्या व्होकेशनल रिहॅबचा, म्हणजे त्यांना नोकरी मिळवायला आणि टिकवायला मदत करणाऱ्या सरकारी योजनेचा, सगळा खर्च वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, उचलतं. सगळा नाही हो, केंद्राचे ७८.७ टक्के आणि राज्याचे २१.३, आणि खरी गोम इथेच आहे, राज्याने आपला वाटा टाकला नाही तर केंद्राचेही पैसे हातचे जातात आणि ते मागणाऱ्या दुसऱ्या राज्यांना वाटले जातात. म्हणजे एक डॉलर वाचवायचा आणि साडेतीनहून जास्त घालवायचे, असला हिशोब कोण करतं देव जाणे.

पैसे कमी पडले की मग 'ऑर्डर ऑफ सिलेक्शन' लागते, सगळ्यात गंभीर अपंगत्व असलेल्यांचा नंबर आधी आणि नोकरी मिळवायला नुसतं श्रवणयंत्र हवं असलेला माणूस पात्र ठरूनही वेटिंग लिस्टवर राहू शकतो. त्यात २०१४ च्या कायद्याने केंद्राच्या निधीतले १५ टक्के अपंग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेत, ते बरोबरच आहे म्हणा, पण मोठ्यांसाठी तेवढे कमीच उरतात.