प्रति: जिवाणूंची पावडर टाकून पंचगंगा साफ होईल का?

"जयंती नाल्यात जिवाणूंची पावडर टाका, नदी आपोआप साफ होईल" असं वर एकानं लिहिलंय. भावा, इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं! कोल्हापूरचं सांडपाणी पंचगंगेत आणणाऱ्या या नाल्यात जिवाणू आधीच बक्कळ आहेत. कमी पडतो तो वेळ आणि ऑक्सिजन. वाहत्या पाण्यात टाकलेली पावडर काम सुरू करायच्या आतच पुढं गेलेली असते. बायोरिअ‍ॅक्टर म्हणजे याच जिवाणूंना टाकीत कोंडून, हवा आणि सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली) सांभाळून पोसणं.

इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्याचं घ्या. कापडाला वापरतात त्या अ‍ॅझो रंगातला दोन नायट्रोजनमधला बंध बिनहवेच्या टाकीत तुटतो, पाणी जवळजवळ नितळ दिसतं. लोक इथंच खूश होतात. पण मागं अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे रंगाचे तुटलेले बिनरंगी तुकडे, उरतात, त्यातली काही मूळ रंगापेक्षा घातक. ती मोडायला पुढं हवेची टाकी लागतेच.

मी कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेसच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) दोन वर्षं काढली. सकाळी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून ३० मिनिटं ठेवायचं. तपकिरी गाळ, म्हणजे जिवाणूंचेच पुंजके, नीट तळाला बसला, वर पाणी निवळलं, की आम्ही चहाला मोकळे. एकदा रविवारी टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला, कुणाला पत्ताच नाही. सोमवारी गाळ काळा ठिक्कर, कुजक्या अंड्याचा वास. नव्या जिवाणूंसाठी शेण कालवून, थोडं थोडं सांडपाणी देत टाकी पुन्हा जिवंत करायला तीन आठवडे गेले. मालक रोज विचारायचे, "पावडर मिळत नाही का रे कुठं?"