मातीचा रस्ता मातीचाच राहू द्या म्हणणाऱ्यांना

वाड्यावरचा :
परवा इथे एकाने गोव्यातल्या नेत्रावळीच्या रानातल्या मातीच्या रस्त्याने गाडी नेल्याचं वर्णन लिहिलं. लिहिलंय छान, नाही म्हणत नाही. पण शेवटी ‘इथे डांबर पडलं की ह्या रस्त्याचा जीव जाईल’ हे वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्या रस्त्याच्या टोकाला आमचा वाडा, म्हणजे वस्ती, तिथे माझं घर आहे. 2019 च्या जुलैत आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका खालच्या वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, आली, पुढे गुडघाभर चिखल. खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी तिला उतरवली. मधे एकाचा पाय घसरला तेव्हा तिने माझा खांदा गच्च धरला, तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस होता. आई वाचली. तुम्ही डिसेंबरात येता, आम्ही तिथे जून ते सप्टेंबरही राहतो.

रानवाट :
मीच लिहिलं होतं ते. आईचं वाचून वाईट वाटलं. पण डांबरामागून काय येतं तेही बघा बाब. आधी प्लॉटचे बोर्ड, मग डोंगर कापणारं जेसीबी. 1999 मध्ये नेत्रावळी आणि म्हादई अभयारण्यं झाली म्हणून एवढं तरी रान उरलंय. वाट अवघड आहे तोवरच ते टिकेल.

सत्तरीकर :
अवघड कोणाला? तुमच्या फोर बाय फोरला तर नाहीच. तुमच्याच फोटोत गाडी वहाळात उभी आहे, चाकं पाणी उडवताहेत. आमच्या कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, पाट अशाच एका वहाळावरून निघतो. गेल्या वर्षी दोन गाड्यांनी तोंडाचा बांध चाकाखाली घातला. आठ दिवस पोफळींना पाणी नाही. बांध मी आणि माझ्या मुलाने दगड दगड करून परत घातला, गाडीवाल्यांना पत्ताही नाही.

रानवाट :
तो मी नव्हे. आणि दूधसागर धबधब्याला पर्यटक नेणाऱ्या जीप वहाळातूनच जातात ना? खाजगी गाडीला बंदी, त्यांना मोकळीक. ही मक्तेदारी कोणाला दिसत नाही!

कुळेकर :
आता मला बोलावंच लागेल. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझा ट्रक दारात उभ्या उभ्या गंजला. बँकेचे हप्ते चालूच. जुनी जीप घेतली, तिच्यावर दोन पोरी शिकल्या. मक्तेदारी म्हणायला तुमचं काय जातं? सगळ्यांना मोकळं सोडलं तर दर रविवारी कोणीतरी पाण्यात अडकणार आणि दोर घेऊन आम्हीच धावणार.

पणजीची वाचक :
दादा, पोट सगळ्यांनाच आहे. पण जीपचं ऑइल त्याच पाण्यात उतरतं की नाही, एवढंच सांगा.

कुळेकर :
उतरतं. खोटं बोलणार नाही. पण आम्ही एकाच चाकोरीने जातो आणि पावसात बंद ठेवतो. बाकी जीप जुन्या आहेत, हे मान्य.

सत्तरीकर :
मान्य म्हणून पाणी स्वच्छ होत नाही.

कुळेकर :
मग नवी जीप तुम्ही घेऊन द्या!

वाड्यावरचा :
मूळ विषय माझ्या वाड्याचा होता. दूधसागराचा वेगळा धागा काढा.

रानवाट :
बरं. रुंद डांबराला माझा विरोध आहे आणि राहील. पण वाड्यापर्यंत चाकांपुरते सिमेंटचे दोन पट्टे आणि वहाळावर साकव, म्हणजे लहान पूल, झाला, तर मी आड येणार नाही. एवढं पटलं.

वाड्यावरचा :
तुम्ही आड येणार नाही म्हणून उपकार झाले असं समजू नका. साकवाची फाईल ह्या कचेरीतून त्या कचेरीत फिरतेय, दर वेळी ‘अभयारण्य आहे’ एवढंच उत्तर. अर्जावर वाड्यातल्या सगळ्या घरांच्या सह्या आहेत, आईचा अंगठाही आहे. तुमची सही नको. ते शेवटचं वाक्य तेवढं काढा.