'हाँटेड' घराला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
रॉबर्ट वाइज यांच्या 1963 च्या 'द हाँटिंग' या कृष्णधवल चित्रपटातल्या दडलेल्या खुणांवर लेख लिहीत आहे. शीर्षकापाशीच अडले. 'झपाटलेलं घर' लिहिलं, पण ते कानाला पटत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
'झपाटलेलं घर' सर्रास छापलं जातं, त्यामुळे चूक म्हणणार नाही. तरी तुमचा कान बरोबर सांगतोय. आपल्याकडे भूत झपाटतं ते माणसाला. धरतं, लागतं, पछाडतं, सगळं माणसालाच. 1993 च्या 'झपाटलेला'तही तात्या विंचू शिरतो तो बाहुल्यात, वाड्यात नाही. घराबद्दल बोलताना मराठी माणूस वेगळं बोलतो: 'त्या वाड्यात काहीतरी आहे', 'ती जागा बाधते', 'तिथं समंध आहे'. समंध म्हणजे इस्टेटीत जीव अडकलेल्याचं भूत. घराशी खरं नातं असलेलं हेच एक.

प्रतिसाद
समंध इथं चालणार नाही. चित्रपटातल्या त्या घरात, हिल हाउसमध्ये, कुणाचा जीव इस्टेटीत अडकलेला नाही, आणि चित्रपट शेवटपर्यंत भूत दाखवतही नाही. दिसतं ते एवढंच: दार आत फुगतं, भिंतीवर धपाधप आवाज होतात. आवाजांची खूण तुमच्या लेखात असेलच, तरी सांगतो, कारण शब्द निवडायला ती लागेल. त्या घरात अबिगेल नावाची म्हातारी मदतीसाठी काठी आपटत राहिली, सोबतीला ठेवलेली बाई गेलीच नाही आणि म्हातारी मेली. ही हकीकत सुरुवातीलाच भरभर सांगून होते. नायिका एलेनॉरची आईही औषधासाठी भिंत ठोकत होती आणि एलेनॉर उठली नव्हती, हे नंतर कळतं. म्हणजे रात्रीचे ते ठोके घराचे की तिच्या मनातल्या अपराधाचे? झपाटलंय कोण, घर की ती? 'झपाटलेलं घर' लिहिलंत तर या प्रश्नाचं उत्तर शीर्षकातच देऊन टाकाल.

प्रश्नकर्ती
हे फार मोलाचं सांगितलंत. पटकथाकार नेल्सन गिडिंग यांनाही आधी असंच वाटलं होतं, की हे सगळं एलेनॉरच्या ढासळत्या मनात घडतंय. मूळ कादंबरी शर्ली जॅक्सन यांची, 1959 ची. गिडिंग त्यांना भेटले तेव्हा त्यांनी कल्पना चांगली आहे म्हटलं, पण आपली गोष्ट अलौकिकाचीच आहे असं स्पष्ट केलं. चित्रपटाचं नावही त्याच भेटीत त्यांच्याकडून मिळालं.

प्रतिसाद
मी 'वावर' सुचवते. 'त्या वाड्यात कुणाचा तरी वावर आहे' हे आपल्या आज्या बोलत आल्या आहेत. इंग्रजी 'हाँट'चा जुना अर्थही एखाद्या ठिकाणी नेहमी जाणं-येणं असाच; भुतं त्याला नंतर चिकटली. तो शब्द 'घरी आणणे' अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स क्रियापदावरून आला असावा असं मानतात. आता भिंतीवर खडूने लिहिलेलं आठवा: एलेनॉरला घरी यायला मदत करा. हे मुद्दाम जुळवलेलं असेल असा माझा दावा नाही, पण ते जुळतं खरं.

आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे निवेदन. सुरुवातीला त्या घराचा अभ्यास करायला निघालेले डॉक्टर मार्कवे सांगतात, तिथं जे काही वावरतं ते एकटंच वावरतं. शेवटी एलेनॉरची गाडी झाडावर आदळते, घरमालकाच्या पहिल्या बायकोची घोडागाडी आदळली होती त्याच झाडावर. मग जवळपास तेच वाक्य तिच्या आवाजात येतं, फक्त 'ते'च्या जागी 'आम्ही': इथं वावरणारे आम्ही एकटेच वावरतो. एका सर्वनामात ती त्या घराची होऊन जाते! मला यापेक्षा भेदक शेवट भयपटात आठवत नाही. मराठीत 'वावरणे' जिवंत माणसालाही चालतं आणि मेलेल्यालाही, म्हणून दोन्ही वाक्यांत तेच क्रियापद राहू शकतं. 'झपाटणे' घेऊन ही वाक्यं करून बघा, होणारच नाहीत.

प्रतिसाद
'वावर'ला माझंही मत. घराच्या वर्णनासाठी एक शब्द देतो. त्या घरात एकही कोन काटकोनात नाही, दारं आपोआप मिटतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार; अशा घराला तो 'घर गुण्यात नाही' म्हणतो. नुसतं 'वाकडं घर' लिहू नका. वाइज यांनी दृश्य वाकवणारी भिंगं वापरली आणि खोल्यांच्या सेटला छतं घातली, तीही घर असंच अंगावर यावं म्हणून.

प्रतिसाद
आम्हा विदर्भातल्यांसाठी वावर म्हणजे शेत, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ती
ते शेत नपुंसकलिंगी, हा वावर पुल्लिंगी. शीर्षक 'हिल हाउसमधला वावर' असं ठेवते, म्हणजे गोंधळ राहणार नाही. 'गुण्यात नाही' पहिल्याच परिच्छेदात घेते आहे.